मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीच्या कामात यायचंय? शिक्षण, ट्रेनिंग आणि पगारासाठी पैसा कसा उभा करायचा (ठाणे-नवी मुंबईकरांसाठी)

मी ठाण्यात व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक आहे. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स पदवी) केलं ते अर्धं स्कॉलरशिपवर आणि अर्धं कर्जावर, आणि आता आमच्या संस्थेचे अनुदानाचे आणि सीएसआरचे (कंपन्यांच्या सामाजिक निधीचे) फॉर्मही माझ्याकडेच असतात. त्यामुळे दर जून-जुलैत कोणी ना कोणी विचारतं, ताई मला या फील्डमध्ये यायचंय पण फी झेपत नाही, काही मिळतं का? मिळतं, पण ते एका जागी मिळत नाही आणि कोणी समोरून येऊन सांगतही नाही. कळव्याची, घणसोलीची, डोंबिवलीची कितीतरी चांगली मुलं-मुली फक्त माहिती नाही म्हणून एचआर नाहीतर कॉल सेंटरकडे वळलेली मी बघितलीत आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण आमच्याकडे माणसं हवीच आहेत. म्हणून सगळं क्रमाने लिहितेय.

१. आधी ठरवा, पैसा कोणाच्या नावावर यायचाय

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. तीन वेगळे रस्ते आहेत. तुम्ही विद्यार्थी असाल तर स्कॉलरशिप, स्टायपेंड, कर्ज. तुम्ही आधीच कुठल्या केंद्रात किंवा हॉस्पिटलमध्ये नोकरीला असाल तर ट्रेनिंग, आणि त्याचा खर्च मालकाकडून किंवा सरकारी योजनेतून. आणि तुम्ही संस्था चालवत असाल, स्टाफचे पगार काढायचे असतील, तर सरकारी अनुदान आणि सीएसआर. संस्थेसाठीचं अनुदान एकट्या माणसाला कधीच मिळत नाही आणि स्कॉलरशिप संस्थेला मिळत नाही, तरी लोक उलटसुलट अर्ज करत बसतात आणि वर्ष जातं.

अजून एक. गूगलवर इंग्रजीत शोधलंत की पहिल्या पानावर अमेरिकेच्या एचआरएसए, साम्हसा असल्या सरकारी संस्थांच्या मोठमोठ्या रकमा दिसतात, कधी न्यूझीलंडच्या 'ते पोऊ' नावाच्या संस्थेच्या ग्रँट दिसतात. त्या तिथल्या सेवांमध्ये काम करणाऱ्यांसाठी असतात, ठाण्यात बसून आपल्याला त्यांचा उपयोग नाही. त्यावर संध्याकाळ घालवू नका.

२. पैशाच्या आधी मान्यता बघा

हा मुद्दा मी सगळ्यात कळकळीने सांगते. कोर्सला मान्यता नसेल तर स्कॉलरशिप मिळत नाही, बँक नाक मुरडते आणि पुढे सरकारी जागेसाठी अर्जही करता येत नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर कोर्स भारतीय पुनर्वास परिषदेने म्हणजे आरसीआयने मान्य केलेला लागतो आणि नंतर त्यांच्या सेंट्रल रजिस्टरमध्ये तुमचं नाव लागतं, त्यालाच सगळे सीआरआर नंबर म्हणतात. आरसीआयच्या साइटवर मान्य संस्थांची यादी असते. त्यात फक्त कॉलेजचं नाव बघून थांबू नका, कुठला कोर्स, किती जागा आणि कुठल्या वर्षापर्यंत मान्यता, हे तीनही बघा. कॉलेज यादीत असतं पण तुमचा कोर्स नसतो असं होतं. कोर्सची नावं आणि रचनाही बदलत असते, तेव्हा सीनियरने सांगितलेल्यावर न जाता चालू वर्षाची यादी काढा.

साधं एमए सायकॉलॉजी, अगदी पूर्वी आयडॉलमधून (मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण) किंवा इग्नूतून केलेलं, हे काही वाया जात नाही (२०२५ पासून यूजीसीने सायकॉलॉजीचे दूरशिक्षणाचे प्रवेश बंद केलेत). समुपदेशक म्हणून एनजीओत, शाळेत काम मिळतं. पण तेवढ्यावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेता येत नाही. सोशल वर्कच्या बाजूने यायचं असेल तर एमएसडब्ल्यू, त्यासाठी आपल्याकडची मुलं देवनारला टिसमध्ये (टाटा समाजविज्ञान संस्था) नाहीतर निर्मला निकेतन कॉलेजला जातात. नर्सिंग झालेल्यांसाठी सायकियाट्रिक नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. शिवाय २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात बाकीचे मानसिक आरोग्य कर्मचारीही आलेत, त्यामुळे पुढे नोंदणीचा प्रश्न सगळ्यांनाच येणार हे धरून चाला.

ट्रॅप: "तीन महिन्यात सर्टिफाइड सायकॉलॉजिस्ट, आज भरलं तर ७० टक्के स्कॉलरशिप" अशी जाहिरात आली तर ती स्कॉलरशिप नसते, फीमधली सूट असते. तीन महिन्यात काही गोष्टी शिकता येतात, नाही असं नाही, पण सायकॉलॉजिस्ट होता येत नाही.

३. कागदपत्रं, आणि नवी मुंबईचा जिल्ह्याचा घोळ

अर्ज उघडायच्या आधी ही फाइल तयार ठेवा:

- आधार, आणि त्याला चालू मोबाइल नंबर जोडलेला
- उत्पन्नाचा दाखला (तहसीलदारांचा, चालू वर्षाचा)
- डोमिसाइल
- जातीचा दाखला, जात पडताळणी, लागू असेल तर नॉन क्रीमी लेअर
- दहावीपासूनच्या सगळ्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला
- मध्ये गॅप असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- अॅडमिशनची पावती, बोनाफाइड
- रेशनकार्ड, बँक पासबुक

आता घोळ ऐका. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरुळ, बेलापूर हे ठाणे तालुका, ठाणे जिल्हा. पण खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्हा. बोलताना आपण सगळेच नवी मुंबई म्हणतो आणि फॉर्ममध्ये जिल्हा ठाणे टाकून मोकळे होतो. मग दाखला पनवेल तहसीलचा, फॉर्मवर जिल्हा ठाणे, आणि अर्ज परत. खारघरच्या एका मुलीचा अर्ज ह्याच एका ड्रॉपडाउनपायी परत आला होता, बाकी सगळे कागद चोख होते. संस्थांनाही हे लागू आहे, तुमचा जिल्हा समाजकल्याण अधिकारी कोण ते यावरूनच ठरतं.

दाखले आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून काढता येतात. जून-जुलैत तिथे दहावी-बारावीवाल्यांची झुंबड असते, म्हणून एप्रिल-मेमध्येच टाका.

या फील्डमध्ये लग्नानंतर, मुलं थोडी मोठी झाल्यावर परत शिकायला येणाऱ्या बायका खूप आहेत, त्यांच्यासाठी खास सांगते. मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच काहीतरी. पोर्टल नाव जुळवतं तेव्हा हे अडतं. राजपत्रात नाव बदलाची नोंद ऑनलाइन करता येते, ती करून घ्या आणि मॅरेज सर्टिफिकेट जोडीला ठेवा. उत्पन्न बहुतेक ठिकाणी नवऱ्याचं विचारतात, वडिलांचं नाही. नवऱ्याने साथ सोडली असेल, घटस्फोट झाला असेल तर त्याचे कोर्टाचे कागद ठेवा, लाजू नका, कॉलेजच्या क्लार्कला स्पष्ट सांगा.

४. महाडीबीटी

महाराष्ट्र सरकारच्या जवळजवळ सगळ्या स्कॉलरशिप या एकाच पोर्टलवर आहेत. अनुसूचित जातींसाठी भारत सरकार पोस्ट मॅट्रिक, ज्यात घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं, त्याच्या वर असाल तर फ्रीशिप (फीमाफी) बघा. ओपनमधल्या आर्थिकदृष्ट्या मागास मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी यांच्या वेगळ्या योजना आहेत. हॉस्टेलसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे.

पहिली गोष्ट म्हणजे प्रोफाइल पूर्ण भरल्यावर पोर्टल तुम्हाला कुठल्या योजना लागू आहेत ते दाखवतं, त्यात तुमचं कॉलेज आणि तुमचा कोर्स यादीत आहे का ते बघा. नसेल तर अॅडमिशन घेण्याआधीच कॉलेजला विचारा, कारण खाजगी संस्थांचे बरेच कोर्स त्यात नसतात आणि अॅडमिशनच्या काउंटरवर "हो हो, होऊन जाईल" असं सांगितलं जातं. लेखी विचारा, मेलवर.

दुसरी गोष्ट पैशांच्या खात्याची. स्कॉलरशिप तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जात नाही, आधारला जे खातं जोडलेलं आहे त्यात जाते. दोन-तीन बँकांत खाती असतील तर जिथे शेवटचं आधार सीडिंग (खातं आधारला जोडणं) झालं तिथे. कितीतरी जणांचे पैसे कधीकाळी कॉलेजच्या कॅम्पमध्ये उघडलेल्या, आता बंद पडलेल्या खात्याकडे जातात आणि परत फिरतात. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस दोन मिनिटात बघता येतं. वेगळं खातं दिसलं तर बँकेत जाऊन फॉर्म भरून बदलून घ्या.

तिसरी, अर्ज सबमिट झाला म्हणजे काम झालं असं नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, क्लार्कने पुढे पाठवला की मग विभागाकडे. दर आठवड्याला स्टेटस बघा. "सेंड बॅक" दिसलं तर त्यात कारण लिहिलेलं असतं, दुरुस्त करून मुदतीत परत पाठवायचं. कॉलेजमध्ये स्कॉलरशिप बघणाऱ्या माणसाशी ओळख ठेवा, नीट बोला, त्यांच्याकडे शेकडो अर्ज असतात आणि तुमचा कुठे अडकलाय हे तेच सांगू शकतात.

दुसऱ्या वर्षी रिन्युअल पुन्हा करावं लागतं, आपोआप होत नाही.

५. बाकीच्या स्कॉलरशिप, स्टायपेंड, फेलोशिप

रेग्युलर पीजीच्या पहिल्या वर्षाला असाल आणि वय ३० च्या आत असेल तर यूजीसीची नॅशनल पोस्ट ग्रॅज्युएट स्कॉलरशिप बघा, महिन्याला १५,००० रुपये, वर्षातले १० महिने. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरून अर्ज. मेरिटवर असते, डिस्टन्सवाल्यांना नाही.

सरकारी संस्थांमधल्या क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्कच्या जागांना स्टायपेंड असतो. बेंगळुरूचं निम्हान्स, म्हणजे केंद्र सरकारची मानसिक आरोग्य संस्था, हे त्यातलं मोठं नाव. खाजगी कॉलेजात त्याच शिक्षणासाठी काही लाख भरायचे आणि इथे उलट पैसे मिळतात, म्हणून एन्ट्रन्स कठीण असते. पण ज्याची घरची परिस्थिती बेताची आहे त्याने आधी याच जागांची तयारी करावी असं माझं स्पष्ट मत आहे, एक वर्ष जास्त गेलं तरी चालेल.

पीएचडीकडे जायचं असेल तर सायकॉलॉजी आणि सोशल वर्क दोन्ही नेट या राष्ट्रीय परीक्षेचे विषय आहेत, त्यातून जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) लागली तर महिना ३७,००० रुपये. ती नाही लागली तर अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबींसाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या विमुक्तांसाठी महाज्योती यांच्या फेलोशिप आहेत.

६. कर्ज काढायचं झालं तर

मी काढलंय, अजून फेडतेय, पण डोळे उघडे ठेवून काढा. समुपदेशकाचा सुरुवातीचा पगार आयटीसारखा नसतो. हप्ता किती येणार आणि तुमच्या शहरात त्या पदाला खरा पगार किती मिळतो, हे दोन आकडे एका कागदावर लिहून मगच सही करा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक चांगल्या संस्थांत अॅडमिशन असेल तर तारण आणि जामीनदार न देता कर्ज मिळतं, आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळात ३ टक्के व्याजाची सूट. तुमची संस्था यादीत आहे का ते पोर्टलवर बघा. मात्र दुसरी सरकारी स्कॉलरशिप किंवा व्याज सवलत घेत असाल तर ही व्याजाची सूट मिळत नाही, म्हणजे महाडीबीटी आणि ही, दोन्हीचा हिशोब आधी मांडा आणि जास्त फायद्याचं एक निवडा.

बँकेतला माणूस "या कोर्सला कर्ज देत नाही" म्हणाला तर नकार लेखी मागा आणि दुसऱ्या बँकेत जा. नोकरी लागल्यावर जुन्या कर पद्धतीत राहिलात तर या कर्जाच्या व्याजावर आयकरात वजावट मिळते (८०ई म्हणतात ती), ती विसरू नका.

७. आधीच कामात असाल तर

केंद्रात पिअर एज्युकेटर (आपल्यासारख्याच लोकांना माहिती आणि आधार देणारे) म्हणून, वॉर्डात, फील्डवर काम करणारी मंडळी, ज्यातले बरेच जण स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले असतात, ती म्हणतात आमचं शिक्षण कमी, आमच्यासाठी काय? तुमच्यासाठी खूप आहे आणि तुम्ही हक्काने मागा.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय समाज रक्षण संस्था म्हणजे एनआयएसडी व्यसनमुक्तीतल्या स्टाफसाठी ट्रेनिंग घेते. पत्र संस्थेच्या नावाने येतं आणि बऱ्याचदा मॅनेजरच्या मेलमध्येच पडून राहतं, म्हणून अधूनमधून विचारत राहा. प्रवास आणि राहण्याचा खर्च कोणाकडे, ते पत्रातच वाचून घ्या. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतंय आणि आपल्या भागातल्या बऱ्याच समुपदेशकांची तालीम तिथेच झालीय. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून आहे, त्यांच्याकडच्या प्रशिक्षणांवर लक्ष ठेवा.

ऑनलाइनमध्ये निम्हान्सची डिजिटल अकॅडमी आहे, आणि डब्ल्यूएचओचं क्वालिटीराइट्स ट्रेनिंग फुकट आहे, रुग्णांच्या हक्कांबद्दल, ते तर प्रत्येकाने करावं. व्यसनमुक्तीत आंतरराष्ट्रीय दर्जाचं काही हवं असेल तर कोलंबो प्लॅन या आंतरराष्ट्रीय संघटनेचा युनिव्हर्सल ट्रीटमेंट करिक्युलम शोधा, त्यावर पुढे आयकॅप या प्रमाणपत्राची परीक्षा देता येते.

आरसीआय नोंदणी असेल तर ती टिकवायला सीआरईचे (नोकरीत असताना चालू ठेवायच्या शिक्षणाचे) पॉइंट लागतात, त्याच्या वर्कशॉपची फी भरावी लागते. नोकरी घेतानाच ऑफर लेटरमध्ये "वर्षाला इतकी ट्रेनिंग फी आणि इतके दिवस भरपगारी रजा" असं लिहून घ्या. लागल्यानंतर मागितलं तर अवघड जातं. सरकारी नर्सना डेप्युटेशनवर शिकायला पाठवायची सोय असते, आपल्या मेट्रनकडे चौकशी करा.

आणि नोकरी हाही निधीच आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, नर्सच्या कंत्राटी जागा निघतात, एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियान) आणि जिल्हा परिषदेच्या साइटवर जाहिरात येते, अर्जाची मुदत अगदी थोडी असते. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय तर १९०१ चं, राज्यातल्या अशा चार सरकारी रुग्णालयांपैकी एक आपल्या दाराशी आहे, तिथे फील्डवर्क किंवा इंटर्नशिप कॉलेजमार्फत मागा.

८. संस्था चालवत असाल: सरकारी अनुदान

सामाजिक न्याय मंत्रालयाच्या नशा मागणी कमी करण्याच्या राष्ट्रीय कृती आराखड्यात, म्हणजे एनएपीडीडीआरमध्ये, निवासी पुनर्वसन केंद्र (आयआरसीए), ड्रॉप इन सेंटर, पिअर एज्युकेटरांचा कम्युनिटी कार्यक्रम यांना अनुदान मिळतं आणि त्यात डॉक्टर, समुपदेशक, नर्स, वॉर्डबॉय, हिशोबनीस यांचं मानधन धरलेलं असतं. अर्ज ई-अनुदान पोर्टलवर, त्याआधी एनजीओ दर्पण या सरकारी नोंदणी पोर्टलचा आयडी. संस्था किमान तीन वर्षं नोंदणीकृत, ऑडिट झालेले हिशोब, जिल्ह्याची तपासणी आणि राज्याची शिफारस, या सगळ्यातून जावं लागतं.

दोन ठिकाणी लोक अडकतात. एक म्हणजे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली दारू आणि ड्रग्जच्या व्यसनामुळे येणाऱ्या मानसिक अवस्थाही येतात, त्यामुळे रुग्ण ठेवून घेणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. ती नसेल तर पैसा राहिला बाजूला, केंद्र चालवणंच धोक्याचं. दुसरं म्हणजे अनुदान वेळेवर येईलच असं नाही. काही महिन्यांचे पगार काढता येतील एवढी गंगाजळी बाजूला असल्याशिवाय नवीन माणसं घेऊ नका. पगार थकला की आधी समुपदेशक जातो, आणि त्याच्याशी जोडलेले पेशंटही त्याच्याबरोबर सुटतात.

९. सीएसआर

वागळे इस्टेट, महापे, रबाळे, तुर्भे, आजूबाजूला कंपन्याच कंपन्या आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात आणि आपल्या परिसराला प्राधान्य द्यायला कायद्यातच सांगितलंय. मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्ती अनुसूची ७ मधल्या आरोग्याच्या कलमात बसतात, ट्रेनिंग शिक्षण-कौशल्याच्या कलमात.

तुमच्याकडे १२ए (संस्थेला करमाफी), ८०जी (देणगीदाराला करसवलत), सीएसआर-१ (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची) नोंदणी, तीन वर्षांचे ऑडिट आणि पॅन हवं. परदेशी पैसा असेल तर एफसीआरए (परदेशी देणगी घेण्याची परवानगी) वेगळं, त्याशिवाय एक रुपयाही घेऊ नका.

पगारासाठी पैसे मागताना कंपनीकडून हमखास ऐकू येतं, "अॅडमिन खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही." ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासन खर्चावर आहे. तुमचा समुपदेशक हाच तुमचा कार्यक्रम आहे, तो अॅडमिन नव्हे. म्हणून बजेटमध्ये "स्टाफ सॅलरी" अशी एक मोघम ओळ टाकू नका, असं फोडून लिहा: समुपदेशक २, प्रत्येकी महिना २५,०००, १२ महिने, एकूण ६,००,०००. त्याखाली सुपरव्हिजन (समुपदेशकाने अनुभवी माणसाशी केसेसबद्दल बोलणं), महिन्यातून दोनदा, प्रत्येक वेळी २,०००, एकूण ४८,०००. सुपरव्हिजनची ओळ कापू देऊ नका, रोज दुसऱ्याचं दुःख ऐकणाऱ्या माणसालाही कोणीतरी ऐकावं लागतं.

प्रपोजलमध्ये देशाचे आकडे एक-दोनच पुरेत, २०१९ च्या एम्सच्या सर्वेक्षणात दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले साधारण ५.७ कोटी लोक निघाले होते, तेवढं सांगा. नंतर लगेच तुमच्या रजिस्टरवर या. गेल्या वर्षी किती जण आले, किती जणांना वेटिंगवर ठेवावं लागलं, कुठल्या वस्तीतून येतात. रबाळ्याच्या कंपनीला रबाळ्यातले कामगार किती आले हे वाचायचं असतं. नावं मात्र चुकूनही देऊ नका, फोटो तर नाहीच, कितीही आग्रह झाला तरी.

एप्रिल ते जूनमध्ये भेटा, तेव्हा वर्षाचं बजेट ठरत असतं. फक्त मानसिक आरोग्यासाठीच निधी देणारी मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह मुंबईतच आहे, त्यांचे अर्ज कधी उघडतात ते बघत राहा.

१०. पैसे आल्यानंतर

विद्यार्थ्यांनी मंजुरीचं पत्र, फीची पावती, बँक एंट्री एकाच फोल्डरमध्ये ठेवावी. स्कॉलरशिपमध्ये फीचा भाग कॉलेजला द्यायचा असतो, तो मुदतीत द्या, नाहीतर मार्कशीट अडवतात. संस्थांनी अनुदानाचं वेगळं बँक खातं आणि वेगळं लेजर ठेवावं, मानधन चेक किंवा ट्रान्सफरनेच द्यावं, रोखीने अजिबात नाही. उपयोगिता प्रमाणपत्र सीएकडून वर्ष संपल्या संपल्या करून घ्या, ते गेलं नाही तर पुढचा हप्ता येत नाही. स्टाफ मध्येच बदलला तर नव्या माणसाची पदवी आणि नियुक्तीपत्र त्याच आठवड्यात फाइलला लावा, तपासणीला आलेले अधिकारी सगळ्यात आधी हजेरीपट आणि ही फाइलच मागतात.